तिथी पाळणारा अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपल्या घरोघरी सांगितली जाते, आणि तिच्यात आपल्या आतिथ्यधर्माचे मर्म साठवलेले आहे. कारण आगाऊ वर्दी न देता उन्हातान्हातून दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या तत्परतेने येतो की नाही, यात परीक्षा यजमानाची होत असते, पाहुण्याची नव्हे. या प्रकरणात ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो पाहुणा मात्र या व्याख्येत बसत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, घरामागील अंगणात टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर येणारा गुंजनपक्षी, म्हणजे तिकडील लोकांचा हमिंगबर्ड, दर वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात हजर होतो आणि ऑक्टोबर उजाडता उजाडता मुक्काम हलवतो. आणि त्याची ही वहिवाट इतकी नेमस्त आहे की त्याची वाट पाहणारी माणसे, एखाद्याने पंचांग उघडावे तशी, मागील वर्षांची आपली टिपणे उघडून बसतात.

माझी त्याची ओळख झाली ती पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका वस्तीत, माझ्या मुलीच्या घरी. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे आपल्याकडील कितीतरी आईवडील असेच वसंतात जातात आणि थंडीच्या तोंडावर परततात. भेटीसाठी जाणाऱ्यास तिथे सहसा सहा महिन्यांची मुदत मिळते, आणि ही मुदत त्या पक्ष्याच्या तिथल्या वास्तव्याशी जवळजवळ जुळते. दिवसभर मुलगी आणि जावई कामावर, नात शाळेत, आणि शेजार असा की हाकेच्या अंतरावर घर आहे पण हाक मारण्याची रीत नाही. अशा एकांतात, अंगणाच्या बाजूला काढलेल्या लाकडी सज्जात खुर्ची टाकून मी एक आख्खा हंगाम त्या बाटलीसमोर काढला, आणि रोज जे दिसले ते वहीत उतरवत गेलो. पुढील मजकुराला आधार त्या वहीचा आहे, आणि ज्यांनी या जीवाचा अभ्यास करण्यात आयुष्ये वेचली त्यांच्या श्रमाचा आहे.

पाकोळीचा सोयरा

मराठी मुलुखातून गेलेला माणूस या पक्ष्याला प्रथम पाहतो तेव्हा त्याच्या तोंडून सहजच ‘शिंजीर’ हा शब्द निघतो. इवलासा देह, लांब चोच, पिसांवर धातूसारखी झळाळी आणि फुलातील मधाची ओढ ही सारी लक्षणे आपल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराशी जुळतात, आणि तरीही या दोघांची सोयरीक अगदी दूरची आहे. शिंजीर हा चिमणी, बुलबुल, कावळा यांच्या विशाल गणातला. गुंजनपक्ष्याचे खरे भाऊबंद म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या वळचणीला घरटी करणाऱ्या, संध्याकाळी आकाशात किलकिलत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. पाकोळी आणि गुंजनपक्षी या दोघांचेही पाय इतके दुबळे की जमिनीवर चालणे त्यांना साधत नाही, आणि ज्या गणात त्यांची गणना होते त्या गणाचे ग्रीक नावही ‘पाय नसलेले’ याच अर्थाचे आहे. फुलातील मधावर जगण्याचा एकच उद्योग दोन भिन्न कुळांनी दोन भिन्न खंडांत पत्करला, आणि त्या उद्योगाने दोघांना सारखे रूप दिले. दिसण्यावरून कूळ ठरवू नये, हा धडा निसर्गाने इथे फार सुंदर रीतीने घालून दिला आहे.

गुंजनपक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज पृथ्वीवर नांदत आहेत आणि त्या साऱ्या अमेरिकेच्या दोन खंडांत व त्यांच्या आसपासच्या बेटांवर आहेत. आशिया, आफ्रिका किंवा युरोप यांपैकी कोठेही त्यांतील एकही जात आढळत नाही. ही मक्तेदारी मात्र सनातन नसावी, कारण दक्षिण जर्मनीतील सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत गुंजनपक्ष्यांचे अश्मीभूत सांगाडे सापडल्याचे गेराल्ड मायर या संशोधकाने २००४ साली जाहीर केले. एके काळी जुन्या जगातही असलेली या कुळाची वस्ती तिथून का उठली, हा प्रश्न मनाला चटका लावून जातो.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अफाट प्रदेशात वीण करणारी जात मात्र एकच, आणि ती म्हणजे माणिककंठी. नराच्या गळ्याशी माणकासारखा लाल पट्टा असतो म्हणून हे नाव. मादीचा आणि त्या वर्षीच्या पिलांचा गळा पांढुरका असतो. या पक्ष्याचे वजन अवघे ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या सराफांच्या जुन्या मापाने पाव तोळा, आणि आणखी बारीक हिशेब करावयाचा तर चोवीस-पंचवीस गुंजा; गुंजनपक्ष्याला गुंजांनी तोलण्याचा हा योग मराठी माणसाला सुखावणारा आहे. त्या माणकाचा रंग हा रंगद्रव्याचा नव्हे. पिसांच्या तंतूंत असलेल्या, हवेचे सूक्ष्म बुडबुडे पोटात बाळगणाऱ्या चकत्यांच्या थरांवर प्रकाश पडून परतताना तो उत्पन्न होतो, आणि म्हणून पक्ष्याने मान किंचित वळवली की क्षणापूर्वी निखाऱ्यासारखा फुललेला गळा काजळासारखा काळा दिसू लागतो. पहिले आठ दिवस मी वहीत ‘काळ्या गळ्याचा’ आणि ‘लाल गळ्याचा’ असे दोन निराळे पक्षी नोंदवत होतो; ते एकच होते हे उमगले तेव्हा प्रकाशाचा कोनही टिपला पाहिजे हे मी शिकलो.

याच फिलाडेल्फियाशी निगडित असलेली एक घटना इथे सांगितली पाहिजे. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने गुंजनपक्ष्यांच्या पेंढा भरलेल्या देहांचा प्रचंड संग्रह केला होता, १८५१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मांडून हजारो लोकांना दाखविला होता, आणि त्यांच्यावरील आपल्या सचित्र महाग्रंथाचे खंड १८४९ पासून तो प्रसिद्ध करीत होता. पण जिवंत गुंजनपक्षी त्याने तोवर एकदाही पाहिला नव्हता. तो योग आला १८५७ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फियात, स्कूलकिल नदीकाठच्या बार्ट्रम यांच्या जुन्या उद्यानात, आणि त्याने तिथे पाहिला तो हाच माणिककंठी. जिवंत पक्षी इंग्लंडला नेण्याचा त्याने केलेला प्रयत्न मात्र फळला नाही. तिथे पोचल्यावर ते लवकरच मरण पावले. जन्मभर पेटीतील पिसे पाहिलेल्या माणसाला ती पिसे हवेत थरथरताना प्रथम दिसली तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार मी त्या सज्जात बसून अनेकदा केला आहे.

चैत्रातील वाट

हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या उष्ण प्रदेशात राहतात. वसंताची चाहूल लागली की ते उत्तरेकडे कूच करतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण युकातानच्या किनाऱ्यावरून निघून मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडतात. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटरचे आहे. वाटेत ना बेट, ना फांदी, ना फूल, आणि वारा अनुकूल असला तरी या उड्डाणाला १८ ते २० तास लागतात. या मजलेसाठी लागणारी रसद बांधून नेण्यास त्यांच्याजवळ एकच कोठी असते, ती म्हणजे स्वतःचे शरीर. निघण्यापूर्वी ते चरबी साठवून आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात, पाव तोळ्याचा पक्षी अर्ध्या तोळ्याचा होतो, आणि पैलतीरी टेकेपर्यंत ती सारी शिल्लक खर्ची पडलेली असते.

नर आधी येतात आणि आपापली जहागीर निश्चित करतात. माद्या आठपंधरा दिवसांनी येतात. पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात पहिला नर दिसतो तो बहुधा एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्या दिवसांत झाडांना नुकती पालवी फुटू लागलेली असते, रात्री अजून गारठा असतो, आणि लाल-पिवळ्या कोलंबाइनची रानटी फुले तेवढी खडकांच्या कपारींत झुलू लागलेली असतात. अशा टंचाईच्या काळात या पक्ष्याला हात देतो तो सॅपसकर नावाचा एक सुतारपक्षी. तो झाडांच्या सालीत ओळीने बारीक छिद्रे पाडतो, त्यांतून गोड रस पाझरतो, आणि त्या रसावर व त्याला चिकटलेल्या चिलटांवर गुंजनपक्षी आपली गुजराण करतो. माणसाने बाटली टांगण्याच्या कितीतरी युगे आधीपासून ही पाणपोई चालू आहे.

एप्रिलच्या मध्यास आम्ही बाटली टांगली, आणि मग सुरू झाले ते नुसते वाट पाहणे. दहाव्या दिवशी सकाळी, मी चहाचा पेला खाली ठेवत असताना, कानाजवळून एखादा मोठा भुंगा गेल्यासारखा आवाज झाला, आणि मान वर करतो तो बाटलीसमोर हवेत तो स्थिर उभा होता. त्याने तीन वेळा चोच बुडवली, मागच्या मागे हातभर सरकला, मला क्षणभर निरखले आणि दिसेनासा झाला. ज्या जीवाने नुकताच समुद्र ओलांडला होता तो माझ्या मुलीच्या सज्जात येऊन गेला, या जाणिवेने मला काही वेळ वहीत लिहिता आले नाही.

गूळपाणी नव्हे, साखरपाणी

या पाहुण्याच्या सरबराईचे नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर आहेत. एक वाटी साध्या पांढऱ्या साखरेस चार वाट्या पाणी, एवढीच ती कृती. हे प्रमाण मनाला येईल तसे ठरवलेले नाही: हा पक्षी ज्या फुलांवर जातो त्यांच्या मधातील गोडी साधारण एवढीच असते, आणि त्या मधात मुख्यत्वे जी शर्करा असते तीच आपल्या स्वयंपाकघरातील साखरेच्या डब्यात असते. पाहुण्याला गूळपाणी देण्याच्या संस्कारात वाढलेल्या माझ्या पत्नीने पहिल्या दिवशी गुळाचा खडा हातात घेतला होता, आणि तिच्या मायेला मोडता घालणे मला जड गेले. पण गुळात आणि तांबूस साखरेत लोहाचा जो अंश असतो तो या इवल्या देहाला अपायकारक ठरू शकतो. पोळ्यातला मध तर त्याहून वाईट, कारण पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. लाल रंग मिसळण्याचीही मुळीच गरज नाही. बाटलीचे फूल किंवा झाकण लाल असले की पुरे, पाणी निर्मळच असावे.

स्वच्छतेच्या बाबतीत हयगय चालत नाही. हवा थंड असेल तेव्हा चारपाच दिवसांनी, आणि जुलै-ऑगस्टच्या काहिलीत दर दोन दिवसांनी, उरलेले पाणी फेकून बाटली गरम पाण्याने व ब्रशाने घासून काढावी लागते; पाणी गढूळ दिसेपर्यंत थांबणे म्हणजे पाहुण्याला शिळे वाढणे होय. मुंग्यांचा बंदोबस्त करण्यासाठी बाटलीच्या वर एक पाण्याची वाटी अडकवतात, आणि ती पाहून मला आमच्या आजोळच्या फडताळाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या आठवल्या. बाटलीची जागाही विचारपूर्वक ठरवावी लागते. खिडकीच्या तावदानात आभाळाचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी त्यावर वेगाने आदळतात. म्हणून बाटली तावदानापासून एक मीटरच्या आत टांगावी, म्हणजे आपटण्याइतका वेग त्याला घेता येत नाही, किंवा दहा मीटरच्या पलीकडे न्यावी.

आज कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या या बाटलीमागे, म्हणजे तिकडील फीडरमागे, काही जिज्ञासू माणसांची दीर्घ खटपट आहे. आयोवातील नॅशनल नावाच्या खेड्यात राहणाऱ्या ॲल्थिया शर्मन या चित्रकार आणि पक्षिनिरीक्षक बाईंनी १९०७ पासून सात उन्हाळे या पक्ष्यांना बाटल्यांतून साखरपाणी पाजले आणि त्या प्रयोगांचा वृत्तांत १९१३ साली प्रसिद्ध केला. प्रथम त्यांनी बाटलीला कृत्रिम फूल जोडले होते. पुढे फुलावाचून नुसत्या बाटलीवरही पक्षी येतात हे त्यांना आढळून आले. १९२९ च्या सुमारास बोस्टनच्या लॉरेन्स वेब्स्टर यांनी काचेचा एक फीडर बनवून घेतला आणि १९५० च्या सुमारास तशी भांडी बाजारात आली. अंगणात बसून रोज तेच ते पाहणे आणि ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, एवढ्या भांडवलावर शर्मनबाईंनी विज्ञानात भर घातली, ही गोष्ट माझ्यासारख्या निवृत्त माणसाला फार धीर देणारी वाटली.

अधांतरीचे आसन

मे महिन्यात पक्षी बाटलीला सरावले आणि मला त्यांच्याकडे निवांत पाहता येऊ लागले. हा पक्षी पुढे जातो, मागे जातो, वर-खाली होतो, आणि हवेत एका जागी असा उभा राहतो की जणू त्याच्याखाली अदृश्य पाट मांडला आहे. याचे रहस्य खांद्याच्या सांध्यात आहे. इतर पक्ष्यांचे पंख मुख्यतः खाली झोडपतानाच भार उचलतात. गुंजनपक्षी पंख मागे नेताना तो उलथा करतो, त्यामुळे पंखाचे टोक हवेत आडव्या आठच्या आकड्यासारखी वाट आखते आणि दोन्ही फेऱ्यांत उचल मिळते. ही उचल दोन्ही वेळी सारखी असते असा समज होता. तथापि २००५ साली झालेल्या मोजणीत सुमारे तीन चतुर्थांश भार खाली येणारा पंख आणि एक चतुर्थांश भार वर जाणारा पंख उचलतो असे दिसून आले. माणिककंठीचे पंख सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलतात, आणि तो जो गुंजारव आपल्या कानी पडतो तो कंठातून निघालेला नसून पंखांतून उमटलेला असतो.

डोळ्यांना नुसते धुके दिसणारे हे पंख स्थिर करून दाखवण्याचे श्रेय विजेच्या क्षणमात्र झोताने छायाचित्रे घेण्याची विद्या सिद्ध करणाऱ्या हॅरल्ड एजर्टन यांना जाते. पुढे, फिलाडेल्फियाजवळच्या डेलावेअरमधील क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी, ड्यू पॉन्ट या बलाढ्य रसायन कंपनीच्या अध्यक्षपदाचा व्याप सांभाळून, याच विद्येचा छंद जोपासला आणि १९६० साली गुंजनपक्ष्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिसांतील रंगांच्या उगमाविषयी वर जे सांगितले त्याच्या शोधातही त्यांचा वाटा आहे.

पाणी पिण्याची त्याची तऱ्हाही आपण समजतो तशी नाही. चोच ही नळी असून तो त्यातून ओढून घेतो, असे पाहणाऱ्यास वाटते. विद्वानांचे मत दीर्घकाळ असे होते की दिव्याच्या वातीत जसे तेल चढते तसा मध जिभेच्या पन्हळींत आपोआप चढतो. २०११ साली कनेटिकट विद्यापीठातील मार्गारेट रुबेगा आणि आलेहांद्रो रिको-ग्वेवारा यांनी अतिवेगवान चित्रण करून दाखवले की टोकाशी दुभंगलेल्या त्या जिभेच्या कडांना झालरी असतात, द्रवात शिरताच त्या उमलतात आणि बाहेर पडताना मिटून थेंब ओंजळीत धरावा तसा धरतात. आणि हे सारे एका सेकंदात दहा-पंधरा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा घडते.

अशा देहाचा जमाखर्च फार तंग असतो. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात, आणि दिवसभरात आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर त्याला पोटात घालावी लागते. रात्र थंड निघाली आणि शिल्लक अपुरी पडली तर तो एक विलक्षण उपाय योजतो: शरीराची धग उतरू देतो, हृदयाची गती मंद करतो आणि फांदीवर जणू निष्प्राण होऊन बसून राहतो, पहाटे थरथरत अंग तापवूनच त्याला पुन्हा उडता येते. आणि केवळ साखरेवर त्याचे भागत नाही. चिलटे, फळमाश्या आणि कोळी हे त्याचे दुसरे अन्न. त्यांच्यावाचून नवी पिसे घडत नाहीत आणि पिले वाढत नाहीत. बाटलीतील पाणी हे त्याचे जेवण नव्हे, जेवणातील एक पदार्थ आहे, हे यजमानाने ध्यानात ठेवले म्हणजे अंगणात कीटकनाशक फवारण्यास त्याचा हात धजत नाही.

अक्रोडाएवढे घरकुल

जूनमध्ये बाटलीवर मादी अधूनमधूनच येऊ लागली, आणि आली की घाईने पिऊन एकाच दिशेला जाई. घरटे बांधण्यापासून पिलांना उडवण्यापर्यंतचा सारा प्रपंच एकटी मादी करते. नर मीलनापूर्वी तिच्यासमोर झोपाळ्यासारखे मोठे हेलकावे घेतो, आणि त्यानंतर त्याचा संसाराशी संबंध उरत नाही. घरटे अर्ध्या अक्रोडाएवढे. आत वनस्पतींच्या कापसाची मऊ गादी, बाहेरून दगडफुलाच्या पापुद्र्यांचा गिलावा, आणि हे सारे बांधलेले कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनी. ते तंतू ताणले जातात, त्यामुळे पिले वाढतात तसे घरटेही ऐसपैस होत जाते. वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दोन आठवड्यांच्या आसपास उबवावी लागतात, आणि पुढे सुमारे तीन आठवड्यांनी पिले उडून जातात. आमच्या घरामागील ओकच्या खाली झुकलेल्या फांदीवर मला ते घरटे दुर्बिणीतून दिसले, तेही तिसऱ्या आठवड्यात. तोवर मी त्याला फांदीवरील गाठ समजत होतो.

जुलैच्या अखेरीस ही नवी पिढी बाटलीवर येऊ लागते आणि अंगणाचे रणांगण होते. एखादा दांडगा पक्षी जवळच्या फांदीवर ठाण मांडतो आणि बाटलीवर दावा सांगून येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळून लावतो. ही दांडगाई दुष्टपणातून येत नाही. रानातील फुलात मध थोडा असतो आणि तो पुन्हा भरण्यास वेळ लागतो, म्हणून आपल्या फुलांची राखण करणे हाच तिथला शहाणपणाचा व्यवहार आहे, आणि न आटणाऱ्या फुलाचा अनुभव त्याच्या पूर्वजांना नव्हता. एकमेकींना न दिसतील अशा दोन जागी दोन बाटल्या टांगल्या की तंटा निम्म्यावर येतो.

बाटलीशी आणखी एक संकट येते, आणि त्याचा उगमही याच परिसरातला आहे. १८९६ साली फिलाडेल्फियाजवळ प्रथम आढळलेला मोठा चिनी प्रार्थनाकीटक आता पूर्वेकडील राज्यांत सर्वत्र पसरला आहे, आणि तो फीडरला चिकटून बसून गुंजनपक्ष्याला पकडल्याच्या नोंदी आहेत. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो आमच्या बाटलीवर दिसला तेव्हा मी त्याला काठीवर घेऊन अंगणाच्या पार टोकाला सोडले. ज्या ठिकाणी आपण पाहुण्याला बोलावले तिथे त्याच्या जिवाची जोखीमही आपल्याच शिरावर येते.

किती पक्षी येतात, हा प्रश्न नात रोज विचारी, आणि एका वेळी चार दिसतात म्हणून मी चार सांगत असे. परंतु पक्ष्यांच्या पायांत बारीक कडी घालून त्यांची ओळख ठेवणाऱ्यांचा अनुभव असा की एका वेळी दिसणाऱ्यांच्या कितीतरी पट पक्षी दिवसभरात येऊन जातात, आणि हंगामाच्या अखेरीस तर ते बहुतांशी वाटसरूच असतात. हे कडी घालण्याचे काम कोणालाही करता येत नाही. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यान्वये परवान्यावाचून त्यांना पकडण्यास, इतकेच नव्हे तर त्यांचे घरटे किंवा पीस जवळ बाळगण्यासही मनाई आहे. अशाच एका कडीमुळे कळले की २०१४ साली वेस्ट व्हर्जिनियात पुन्हा हाती आलेली एक मादी नऊ वर्षांहून अधिक वयाची होती. पाव तोळ्याच्या देहाने एवढ्या वर्षांच्या वाऱ्या केल्या, ही गोष्ट त्या इवल्या धातूच्या दस्तऐवजावाचून कोणाला खरी वाटली असती?

परतीची वाट

जसे आधी येतात तसे नर आधी जातात. ऑगस्टच्या मध्यापासून लाल गळे दुर्मिळ होत गेले, आणि सप्टेंबरमध्ये माझ्या वहीत पांढऱ्या गळ्याचेच पक्षी उरले. बाटली टांगून ठेवली तर ते लोभाने मागे राहतील आणि थंडीत सापडतील, अशी भीती शेजारच्या एका गृहस्थांनी कळकळीने व्यक्त केली, आणि पुष्कळांची तशी समजूत आहे. ती खरी नाही. त्यांना निघण्याचा इशारा मिळतो तो लहान होत जाणाऱ्या दिवसाकडून. अंगात चरबी साठू लागते, अस्वस्थता वाढते, आणि भरलेली बाटली मागे सोडून पक्षी निघतो. आपल्या साखरेला त्याला थांबवण्याचे सामर्थ्य नाही. उशिरा निघालेल्या वाटसरूला मात्र तिचा आधार होतो.

त्या दिवसांत मी ओढ्याकाठी फिरावयास जाई. तिथे ज्वेलवीड नावाचे रानझुडूप नारिंगी फुलांनी लहडलेले असते आणि गुंजनपक्षी त्याच्यावर लगटून असतात. फुलाच्या मागची बाकदार नळी आणि हात लावताच फुटून बिया उधळणारी शेंग पाहून मला ओळख पटली: हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, एकाच वंशातला. गौरीच्या दिवसांत आमच्याकडे तेरडा घरात येतो, आणि त्याच दिवसांत हजारो कोसांवर त्याचा भाऊ दक्षिणेस निघालेल्या एका पक्ष्याची शिदोरी बांधून देत असतो.

सर्वांत शेवटी निघतात ती त्या वर्षीची पिले, आणि माझ्या मते या हंगामातील सर्वांत गंभीर दृश्य तेच. त्यांचा बाप त्यांना कधी भेटला नाही. आई केव्हाच निघून गेलेली. वाट दाखविणारा थवा नाही, कारण हे पक्षी एकेकटे प्रवास करतात. जन्माला येऊन जेमतेम दोन महिने झालेला जीव, ज्याने समुद्र पाहिलेला नाही, एका सकाळी पोट भरून पितो आणि ज्या देशात तो कधी गेला नाही त्या देशाकडे निघतो. काहीजण आखातावरून जातात, काहीजण टेक्सासच्या किनाऱ्याकाठाने वळसा घेतात. कितीजण पोचतात हे त्यांच्या मागे राहिलेल्या यजमानास कधी कळत नाही.

शेवटचा पक्षी दिसल्यावर निदान दोन आठवडे बाटली राहू द्यावी असा जाणत्यांचा सल्ला आहे, कारण मागाहून कोणी वाट चुकलेला येऊ शकतो. पश्चिमेकडील, अलास्कापर्यंत वीण करणारी तांबूस रंगाची एक जात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वेकडे अधूनमधून प्रकट होते. माझी मुदत त्याआधीच संपत होती. बाटली घासण्याचे काम मी नातीकडे सोपवले आणि २८ सप्टेंबरला, वहीत शेवटची नोंद करून, निघालो.

पुढील वर्षी मला जाता आले नाही. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी नातीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. “आजोबा,” ती म्हणाली, “एक पक्षी आलाय, पण आपण बाटली लावलीच नाही अजून. तो आकडा असतो ना, तिथे येऊन नुसता उभा राहिला. मग गेला, आणि परत आला.” गतवर्षीचा फीडर ज्या जागी होता त्या रिकाम्या जागेसमोर येऊन थांबणारे पक्षी अनेकांनी पाहिले आहेत, ज्याने ती जागा पूर्वी पाहिलेली नाही तो तिथे थांबणार नाही. पनामाकडच्या रानांतून, आखातावरून, हजारो किलोमीटर येऊन त्याने आपली तिथी पाळली होती आणि हातभर जागेचा ठावही चुकवला नव्हता. चुकलो होतो आम्ही. मी तिला एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी सांगू लागलो, तो फोनमधून भांड्यांचा आवाज ऐकू आला. तिने पाणी केव्हाच चुलीवर ठेवले होते.